हौसेनं विमान चालवायचंय? आधी क्लास टू मेडिकल

फ्लाइंग क्लबला फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या. प्रवेशाचे पैसे भरले, नागपुरात खोली घेतली, पुस्तकं आणली आणि मग रंगांच्या तपासणीत अडकलात, तर त्यातले किती पैसे परत मिळतील हे क्लबच्या अर्जावरच्या बारीक अक्षरांवर ठरतं. कापूस-सोयाबीनच्या घरातून एवढी रक्कम एका हंगामात उभी राहत नाही. मेडिकलचा खर्च त्या मानानं फारच थोडा आहे.

पीपीएल म्हणजे खासगी वैमानिक परवाना. पगार किंवा भाडं न घेता, स्वतःच्या आनंदासाठी उडायचं असेल तर हा परवाना लागतो. त्याआधी विद्यार्थी वैमानिक परवाना काढावा लागतो. विद्यार्थी परवान्याला वय किमान १६, पीपीएलला १७, आणि शिक्षण दहावी पास. दोन्हींसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं, क्लास टू मेडिकल लागतं. पुढे नोकरी म्हणून उडायचं असेल तर क्लास वन लागतं आणि त्याचे निकष जास्त कडक आहेत. मनात कमर्शियलचा विचार असेल तर क्लास टू झाल्यावर लगेच क्लास वनही उरकून घ्या आणि मगच मोठी रक्कम भरा. क्लास टूला चालणारी नजर क्लास वनला चालेलच असं नाही.

दोन गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेले बरे. यूट्यूबवर अमेरिकेतले वैमानिक सांगतात की गाडीच्या लायसन्सवर उडता येतं, किंवा चार वर्षांतून एकदा नेहमीच्या डॉक्टरकडे तपासणी केली की भागतं. त्यांच्या देशात ते खरं आहे. २०१७ पासून तिथे 'बेसिकमेड' नावाची सोय आहे. भारतात तिचा काही उपयोग नाही. दुसरं, फवारणीच्या ड्रोनसाठी मिळणारं रिमोट पायलट प्रमाणपत्र हे पूर्णपणे वेगळं प्रकरण आहे. ते हातात असलं तरी विमानासाठी क्लास टू द्यावंच लागतं.

डॉक्टर कोणता?

इथे वेळ आणि पैसा दोन्ही वाया जाऊ शकतात. तालुक्याच्या एमबीबीएस डॉक्टरांचं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचं फिटनेस सर्टिफिकेट या कामाला चालत नाही. तपासणी डीजीसीएच्या यादीतल्या क्लास टू परीक्षकाकडेच व्हावी लागते. यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते आणि तीत बदल होत राहतात, म्हणून एखाद्या मित्राच्या जुन्या यादीवर विसंबू नका. आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: रक्त, एक्स-रे, ईसीजी, ऑडिओमेट्री (ऐकण्याची मोजणी) तिथेच होतात की बाहेरून करून आणायच्या; डोळे आणि कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांचे अहवाल वेगळे लागतात का; सगळं मिळून खर्च किती. चाचण्या बाहेरून चालत असतील तर सेवाग्राम, सावंगी, यवतमाळचं शासकीय मेडिकल कॉलेज, नागपूरचं मेडिकल किंवा मेयो यांपैकी जवळचं ठिकाण बघा. पण परीक्षकांनी होकार दिल्याशिवाय कुठलीही चाचणी करू नका. अहवाल ताजा हवा असतो आणि विशिष्ट नमुन्यातही हवा असू शकतो.

नोंदणीत अडतं ते नाव

अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर होतो. प्रोफाइल तयार करायचं, फोटो, सही, ओळखीचा पुरावा आणि दहावीची कागदपत्रं चढवायची, मग क्लास टूसाठी अर्ज करायचा. मेडिकलचा फाइल नंबर आणि परीक्षेसाठीचा कॉम्प्युटर नंबर हे दोन वेगवेगळे नंबर आहेत. दोन्ही वहीत लिहून ठेवा.

राज्य मंडळाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी असतं. त्यात कुठे 'राव' जोडलेलं, कुठे गाळलेलं. कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. क्रमातला फरक समजावून सांगता येतो, स्पेलिंगमधला फरक मात्र पुढे प्रत्येक टप्प्यावर आडवा येतो. आधारमधली चूक आधार केंद्रावर दुरुस्त होते. मार्कशीटमधली चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाच्या नागपूर किंवा अमरावती विभागीय कार्यालयात जावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून मार्कशीट, आधार आणि असल्यास पासपोर्ट टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवा. जन्मतारीखही तशीच जुळवा.

डोळे

आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे क्लास टूसाठी प्रत्येक डोळ्याची दूरची नजर वेगवेगळी ६/१२ किंवा त्याहून चांगली लागते आणि दोन्ही मिळून ६/९. ही नजर चष्म्यासह मोजली तरी चालते. ६/१२ म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जी ओळ १२ मीटरवरून दिसते, ती तुम्हाला ६ मीटरवरून दिसते. जवळची नजर एन-५, म्हणजे नकाशावरची बारीक अक्षरं ३० ते ५० सेंटिमीटरवर वाचता यायला हवीत. चष्मा आहे म्हणून स्वप्न सोडून देणारी मुलं आजही भेटतात, आणि तसं करायचं काहीच कारण नाही. अडचण येते ती एका डोळ्याला चष्मा लावूनही ओळ दिसत नसेल तर. लहानपणी एका डोळ्याचा मोठा नंबर कुणाच्या लक्षात आला नाही, की तो डोळा आळशी होतो आणि मोठेपणी काचेनं सुधारत नाही. घरीच एक डोळा तळहातानं झाकून रस्त्यापलीकडची पाटी वाचा, मग दुसरा झाकून वाचा. मोठा फरक जाणवला तर परीक्षकाकडे जाण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे जा. चष्म्याशिवायची नजर ६/६० पेक्षा कमी असेल तर डोळ्यांचा सविस्तर अहवाल लागतो.

लॅसिक किंवा चष्म्याचा नंबर घालवायचं तसलं ऑपरेशन झालं असेल तर ते लपवू नका. बुबुळाच्या तपासणीत ते कळतंच. ऑपरेशनपूर्वीचा नंबर, ऑपरेशनची तारीख, नंतरचे नंबर हे सगळं फाइलमध्ये ठेवा. ऑपरेशनपूर्वीचा नंबर कागदावर नसला तर फार त्रास होतो, कारण तो नंतर मोजून काढता येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीच्या किती दिवस आधी बंद करायच्या ते फोनवरच विचारून घ्या.

रंगांच्या तपासणीला अभ्यास करून जाता येत नाही. इशिहाराच्या पुस्तकात पानापानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ असतं आणि त्यात लपलेला आकडा. पुस्तक ७५ सेंटिमीटरवर, दिवसाच्या उजेडात धरतात आणि तीन सेकंदांत उत्तर अपेक्षित असतं. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो. माणसाला तपासणी समजली आहे का, एवढंच त्यातून बघतात. खरी तपासणी दुसऱ्या पानापासून सुरू होते. लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला काही पानांवर वेगळाच आकडा दिसतो आणि काहींवर काहीच दिसत नाही. पानं पाठ करून येणारे असतात, पण पुस्तक कुठूनही उघडलं जातं आणि शंका आली तर पुढची दिव्यांची तपासणी होते. मोबाईलवरच्या चाचणीवर भरवसा ठेवू नका, पडद्याचे रंग बदललेले असतात. हा दोष मुलाकडे आईकडून येतो. मामाला किंवा आईच्या वडिलांना रंगांचा गोंधळ होत असेल तर फीचा विचार करण्याआधी नेत्र विभागात जाऊन खात्री करा.

कान

क्लास टूसाठी मूळ अपेक्षा साधी आहे: शांत खोलीत, परीक्षकाकडे पाठ करून, दोन मीटरवरून नेहमीच्या आवाजातलं बोलणं ऐकू यावं. पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडण्याची परवानगी, घ्यायचं असेल तर ऑडिओमेट्रीचे आकडे लागू होतात. ५००, १०००, २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त तूट चालत नाही. तुमचा विचार तसा असो वा नसो, हे आकडे लक्षात ठेवा. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, डिझेल इंजिन, लग्नातला डीजे यांनी कान आधी उंच सुरांचाच जातो आणि माणसाला बोलण्यातून ते कळत नाही.

तपासणीत तुम्ही बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसता. टुक-टुक असा बारीक सूर येतो, हळूहळू मंदावत जातो, आणि ऐकू आला की बटण दाबायचं. आदल्या दिवशी सोयाबीनच्या मळणीवर उभे राहिला असाल तर कान काही तास बधिर राहतात आणि आलेख उगाच खाली जातो. किमान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहा. मळ काढायला पिन किंवा काडी घालू नका. पडद्याला इजा झाली तर महिने जातात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून आठवडाभर आधी साफ करून घ्या.

नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच फुंकायला सांगतात. त्यात कानाचा पडदा हलतो का ते बघतात. सर्दी असताना नाक आणि कान जोडणारी नळी बंद असते आणि पडदा हलत नाही. म्हणून सर्दी-पडसं झालं असेल तर तारीख पुढे ढकला. सर्दीत उडणंही टाळायचं असतं. विमान खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, कानातला वाढत नाही, आणि असह्य कळ येते.

सिकलसेल

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि आपल्या विदर्भात त्याच्या चाचणीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल बराच आहे. सेस्ना १७२ सारख्या लहान विमानाच्या केबिनला दाब दिलेला नसतो. जसजसे वर जाल तसतसा प्राणवायूचा दाब कमी होतो. सिकलसेल आजार असलेल्यांच्या तांबड्या पेशी अशा वेळी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या अडवतात, आणि तीव्र वेदना किंवा प्लीहेला इजा होऊ शकते. म्हणून आजार असलेल्यांना, म्हणजे एसएस प्रकारच्या व्यक्तींना, वैमानिकाची फिटनेस मिळत नाही. वाहक, म्हणजे एएस, असणं मात्र वेगळं आहे. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते आणि केवळ वाहक आहे म्हणून उडण्यावर सरसकट बंदी घालायला वैद्यकीय आधार नाही. अंतिम निर्णय परीक्षकाचा आणि डीजीसीएचा असतो, पण पुरेसे कागद समोर असले तर तो सोपा होतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रातली सोल्युबिलिटी चाचणी 'पॉझिटिव्ह' एवढंच सांगते, वाहक की रुग्ण हे सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची सविस्तर चाचणी करा आणि टक्केवारी लिहिलेला अहवाल घ्या. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी झाली असेल तर ते कार्डही जोडा. अलीकडे रक्त चढवलं असेल तर अहवाल फसवा येतो, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा. वाहक असाल तर पाणी भरपूर प्या. मे महिन्याच्या विदर्भात हा सल्ला सगळ्यांनाच लागू आहे, पण तुम्हाला जास्त.

रक्तदाब, साखर, लघवी, छातीचा एक्स-रे

साधारणपणे हिमोग्लोबिन आणि पूर्ण रक्तगणना, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, चरबी, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे हे सगळं होतं. यातल्या काही चाचण्या शरीर ठणठणीत असूनही निव्वळ तयारीअभावी बिघडतात.

उमरखेड, एटापल्ली किंवा सिरोंच्याहून रात्रीच्या एसटीनं येऊन सकाळी थेट तपासणीला बसू नका. जागरणानं रक्तदाब आणि नाडी दोन्ही वाढतात. आदल्या दुपारी पोहोचा आणि सात-आठ तास झोपा. उपाशीपोटीच्या चाचणीसाठी ८ ते १२ तास काही खायचं नाही, पण पाणी प्यायचं. उन्हाळ्यात पाणी न पिता आलात तर लघवी घट्ट येते. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम किंवा अंगमेहनत केली तर लघवीत प्रथिनं दिसू शकतात. मुलींनी पाळीच्या दिवसांतली तारीख टाळावी, लघवीत रक्त दिसलं तर उगाच पुढच्या चाचण्या मागे लागतात.

रक्तदाब मोजण्याआधी लघवी करून या, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. अर्धा तास आधी चहा नको आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तर अजिबात नको. तंबाखूनं रक्तदाब आणि नाडी लगेच वाढते. खऱ्ऱ्याचा दुसरा परिणाम तोंड उघडायला सांगितल्यावर दिसतो: सुपारीनं गाल आतून कडक होतात आणि तोंड पुरतं उघडत नाही. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का ते घरी बघा. जात नसतील तर दंतवैद्यांकडे जायला उशीर करू नका, विमानाचा विचार नसला तरी. डॉक्टर दिसले की ज्यांचा रक्तदाब वाढतो त्यांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून तारीखवार नोंद आणावी. आकडे १४०/९० च्या वर राहत असतील तर ती घबराट नाही. आधी उपचार घ्या, तपासणी नंतर.

फवारणी करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात, नजर अंधुक होते, घाम सुटतो, मळमळतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. तपासणीच्या किंवा उड्डाणाच्या आधीच्या दिवसांत फवारणी दुसऱ्यावर सोपवा. त्रास जाणवला असेल तर तो परीक्षकांना सांगा.

पूर्वी क्षयरोग झाला असेल तर जुना एक्स-रे, औषधं पूर्ण केल्याचा कागद आणि नवा एक्स-रे असे तिन्ही आणा. भरलेला जुना व्रण आणि चालू आजार यांत परीक्षक फरक करतात, आणि तो फरक दाखवायला जुना फोटोच लागतो. मुतखडा असेल तर सोनोग्राफी आणा. दोन हजार फुटांवर एकट्यानं उडताना कळ आली तर विमान उतरवणार कोण, हाच प्रश्न त्यामागे आहे. इन्सुलिनवर असलेल्या मधुमेहींना आंतरराष्ट्रीय मानकांत अपात्र धरलं आहे. गोळ्या आणि पथ्यावर साखर नीट ताब्यात असेल तर विचार होऊ शकतो. आकडी (फिट) येणं, कारण न कळता शुद्ध हरपणं हे गंभीर धरलं जातं.

काय सांगायचं, काय नाही

अर्जात जुने आजार, ऑपरेशनं, चालू औषधं विचारतात. सगळं खरं लिहा. खोटी माहिती देणं गुन्हा आहे, आणि कितीही जुनी लपवलेली गोष्ट पुढे विम्याच्या किंवा अपघाताच्या चौकशीत बाहेर येते. वैदूची पुडी, भस्म, वजन वाढवायची पावडर हीसुद्धा औषधंच आहेत. घटक माहीत नसतील तर पुडी किंवा डबाच सोबत न्या.

निकाल

तपासणी झाली म्हणजे फिट झालात असं नाही. परीक्षक अहवाल पाठवतात, डीजीसीएचा वैद्यकीय विभाग तो बघतो आणि मग असेसमेंट, म्हणजे निकालाचं पत्र, निघतं. ते हातात आल्याशिवाय एकट्यानं उडण्याचा विचारही नको. फिट असाल तर त्यावर कधी अट असते, उदाहरणार्थ चष्मा लावूनच उडायचं. तात्पुरतं अपात्र ठरवलं तर घाबरून जाऊ नका. कारण काय, पुन्हा कधी यायचं आणि येताना कोणते अहवाल आणायचे हे लेखी घ्या आणि तेवढंच काटेकोरपणे करा. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, कानातला मळ या सुधारता येणाऱ्या गोष्टी आहेत. कायमचं अपात्र ठरवलं तरी अपील करता येतं, पण ते नव्या तज्ज्ञ अहवालाच्या आधारावर करा. नुसत्या विनंती अर्जावर काही हलत नाही.

मुदतीबद्दल इंटरनेटवर वेगवेगळे आकडे फिरतात. खासगी वैमानिकासाठी आंतरराष्ट्रीय मानकात चाळिशीच्या आत ६० महिने आणि चाळिशीनंतर २४ महिने ही जास्तीत जास्त मर्यादा आहे, पन्नाशीनंतर १२ महिन्यांची शिफारस आहे. देशाला त्याहून कमी मुदत ठेवता येते. तुमच्यासाठी असेसमेंटवर छापलेली तारीखच खरी. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिच्या दोन महिने आधी परीक्षकाची वेळ घ्या. मुदत संपलेल्या मेडिकलवर केलेलं उड्डाण बेकायदा असतं आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करते.

फिट असण्याच्या काळातही उडायचं की नाही हे त्या दिवशीच्या तब्येतीवर ठरतं. उड्डाणाच्या आधीच्या १२ तासांत दारू चालत नाही, मोहाचीही नाही. सर्दीच्या गोळ्यांतल्या क्लोरफेनिरामिन, सेटिरिझिननं झोप येते. मलेरियाच्या औषधांपैकी मेफ्लोक्विन वैमानिकाला चालत नाही, त्यामुळे गडचिरोलीकडे ताप आला तर डॉक्टरांना आधीच सांगा की तुम्ही उडता. नवरात्राचे किंवा एकादशीचे निर्जळ उपवास असतील तर त्या दिवशी विमान नको. आणि असेसमेंटवर चष्म्याची अट असेल तर दुसरा चष्मा, त्याच नंबरचा, विमानात बसल्या जागी हात पोहोचेल असा ठेवा. मागच्या सीटवरच्या पिशवीत ठेवलेला चष्मा गरजेच्या वेळी हाती लागत नाही.